उठवून दाव

"पडली तर उचलणार कोण?" गाडी विकणाऱ्या शिवराजनं विचारलं. गाडी घ्यायची होती राजनंदिनीला, पण प्रश्न तिच्या बापाला, ज्ञानबाला होता. गेला अर्धा तास जुळे सोलापुरातल्या त्याच्या अंगणात असंच चाललं होतं.

साडेसहाशे सीसीची लाल स्पोर्ट्स बाइक, तीन वर्षं वापरलेली. राजनंदिनीनं चालवून बघितली होती, टायर, चेन, ब्रेक सगळं तपासलं होतं. मंद्रूपहून रोज दवाखान्याच्या लॅबमध्ये यायचं-जायचं ते हिच्यावरच, हे तिचं पक्कं ठरलं होतं. ज्ञानबानंही सकाळीच बजावलं होतं, मी काय असल्या गाडीवर बसणार नाही, एस्टीनं परत जाईन.

"स्कूटी बघा की मामा," शिवराज म्हणाला. "ही दोन क्विंटलला जराच कमी भरते. पोरीला झेपायची नाही."

राजनंदिनीच्या मस्तकात तिडीक गेली. ज्ञानबाची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. त्यानं गाडीकडं बघितलं, मग लेकीकडं.

"आडवी पाड आन उठवून दाव. उठली तर घिऊ. न्हायतर स्कूटी."

"ओ मामा, खरचटली तर?"

ज्ञानबानं खांद्यावरचं घोंगडं काढून फरशीवर अंथरलं.

राजनंदिनीनं साइड स्टँड बाहेर काढून ठेवला, गिअर टाकला आणि गाडी स्टँडच्या उलट्या अंगाला, घोंगड्यावर अलगद आडवी केली. मग हँडल धरून ओढली. गाडी हलेना. पुन्हा ओढली. शिवराज हसत पुढं आला.

"सोडा ताई, मी उचलतो."

"हात लावू नगा!"

तिला राग आला होता, त्याचा आणि स्वतःचाही. बसकण मारलेली म्हैस कधी कुणी शिंगं धरून उठवतं का?

ती वळली. सीटला पाठ लावून खाली बसली, टाचा रोवल्या आणि मागं सरत सरत पायांच्या जोरावर उठली. गाडी तिच्या पाठीबरोबर वर आली आणि स्टँडवर उभी राहिली.

राजनंदिनीनं हात पुसले.

"आता तुमी दावा की," ती शिवराजला म्हणाली. "घोंगडं हाय अजून."

शिवराजनं गाडीकडं बघितलं, घोंगड्याकडं बघितलं. "कागदपत्रं आणतो," म्हणाला आणि आत गेला.

ज्ञानबानं घोंगडं झटकलं, घडी घालून मागच्या उंच सीटवर ठेवलं आणि चढायला पाय कुठं टेकवायचा ते शोधू लागला.