चि.सौ.कां.सीमा

लालबागच्या रामदास परबांनी लेकीची पत्रिका स्कॅन केली आणि फाईलला हौसेने नाव दिलं, 'चि.सौ.कां.सीमा'. वर्षभरात फोटोसोबत ती अकरा स्थळांना ईमेलने गेली आणि अकराही घरांतून एकच उत्तर आलं, "पत्रिका जुळत नाही."

मग बाराव्या स्थळाचा फोन आला. "परब, पत्रिका उघडतच नाही हो. टिंबापुढचं 'सीमा' म्हणजे फाईलचा प्रकार, असं समजतोय कॉम्प्युटर. नाव बदलून परत पाठवा."

परबांचा जीव भांड्यात पडला. "सीमा, अगं, सगळ्यांना हीच फाईल गेली होती. दोष तुझ्या ग्रहांचा नव्हताच!"

 

वाल सोलत बसलेल्या सीमाने मान वर न करताच विचारलं, "बाबा, फोटो मात्र उघडत होता ना?"