डावी बाही

"आता हलू नकोस," थोरले दीर म्हणाले आणि त्यांनी धाकट्या भावाच्या अंगातल्या कोटाची डावी बाही अलगद खिशात खोचली. मागे सरकून, मान तिरकी करून पाहिलं. "बघ! कुणाच्या बापाला कळणार नाही."

कोट त्यांचाच होता, फक्त लग्नकार्याला कपाटाबाहेर निघणारा. घडी मोडू नये म्हणून वाटभर हातात उंच धरून आणला होता त्यांनी.

दारात उभी राहून ती नवऱ्याकडे बघत होती. लोखंड कातायच्या लेथवर उभा जन्म काढलेला माणूस. कोपराखालचा डावा हात गेल्यापासून बहुतेक घरातच असायचा. कुणी आलं की उठून आतल्या खोलीत जायचा. आज तंत्रशाळेत मुलाखत होती. नव्या पोरांना मशीन शिकवायला माणूस हवा होता त्यांना.

"आधी तुझं काम कळू दे," दीर समजावत होते. "हाताचं मागाहून सांगू. पहिल्याच नजरेत माणूस अर्धा दिसायला नको."

'अर्धा' हा शब्द तिला लागला. पण या माणसानं हॉस्पिटलात रात्री काढल्या होत्या. त्यांच्या मायेला बोल कसा लावायचा?

बोलली ती लेक. दप्तर भरता भरता म्हणाली, "खिशात हात घालून उभं राहिलं की आमच्या बाई ओरडतात हं, बाबा."

दीर खो खो हसले. तोही हसला. मग हसता हसता थांबला आणि आरशात बघत राहिला. एका हातानं त्यानं कोटाची बटणं काढायला घेतली.

"अरे, हे काय?"

"दादा, राग मानू नकोस. पोरांना मी पहिल्या दिवशी काय सांगणार? सैल बाही घालून मशीनजवळ जाऊ नका. माझा हात त्या बाहीनंच ओढून नेला. आणि मीच तिथे बाही लपवून बसू?"

दिरांनी पुढे होऊन कोट खांद्यावरून उतरवून घेतला.

खाली पांढरा शर्ट होता. त्याची रिकामी बाही ती नेहमीसारखी दुमडून पिन लावायला गेली. त्याच्या एकाही शर्टाला तिनं अजून कात्री लावली नव्हती. का, ते स्वतःला कधी विचारलंही नव्हतं.

"पिन नको. काप," तो म्हणाला.

"अहो, नवाकोरा आहे."

"म्हणूनच. जुन्याला काय, कधीही कापता येतं."

कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा निघाला होता, कामावरचा, चार माणसांना ऐकू जाणारा. तिनं शर्ट काढून घेतला. कात्री कापडातून करकरत गेली तेव्हा तिचे डोळे भरून आले. पण शिलाईयंत्रावर बसली ती ताठ. टीप अशी मारली की कारखान्यातून आलेल्या शर्टालाही लाजवावं.

शर्ट अंगात चढवून तो बाहेर पडला. ती मागोमाग पायऱ्यांपर्यंत आली. दुकानांची दारं वर जात होती. सायकलवाले, शाळेची पोरं, दूध नेणाऱ्या बायका, सगळ्यांचे डोळे आधी त्याच्या बाहीवर आणि मग तोंडावर जात होते. इतके दिवस भिंतीच्या कडेकडेनं जाणारा तो आज रस्त्याच्या मधून चालला होता.

"आज इतक्या सकाळी कुठे निघालेत?" शेजारणीनं हळू आवाजात विचारलं.

"मुलाखतीला!" तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

ते ऐकून तो कोपऱ्यावर थांबला, वळला. उजव्या हातात फाइल होती. त्यानं डावा वर केला.