शलाकाचं पोट भरलंय

चंद्रावर जन्मलेली पहिली मुलगी, दोन महिन्यांची शलाका, ऐंशी मिलिलिटर दूध प्यायली आणि तिनं बाटलीपासून तोंड फिरवलं.

"अजून चाळीस बाकी," पाळण्याला जोडलेलं यंत्र म्हणालं. त्यात पृथ्वीवरच्या बाळांचा तक्ता भरलेला होता.

बाटली धरून बसलेला तिचा बाप, गोरक्ष वाघचौरे, वसाहतीत वेल्डर होता. बायकोला कडक औषधं चालू असल्यानं डब्याचं दूध पाजायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"पाजा ना दादा," नर्स ललिताताई काळजीनं म्हणाल्या. "कमी पडलं तर वाढ खुंटेल."

"ताई, भूक लागली की ही मूठ चोखते. आता बघा, मुठी सैल पडल्यात. पोट भरलंय तिचं. मागेल तेव्हा परत देईन."

ललिताताईंनी ऐकलं, पण रोज बाळाच्या वाढीचं मोजमाप करायची अट घातली. रोज आकडा दिसेपर्यंत गोरक्षचा जीव टांगणीला लागायचा.

महिन्यानं पृथ्वीवरून बालरोगतज्ज्ञ डॉ. मृणाल देवस्थळी पडद्यावर आल्या. "वाढ उत्तम आहे! तिथं हातपाय हलवायला ताकद कमी लागते, म्हणून तिला एवढं पुरत असावं. तुम्ही हिशेब कोणता वापरलात?"

"हिशेब कसला, मॅडम? तिलाच विचारत गेलो."

डॉक्टर हसल्या. चंद्रावरच्या बाळांसाठी केलेल्या नव्या तक्त्यात त्यांनी पहिली ओळ लिहिली, 'आधी बाळाला विचारा.' आणि खाली नाव घातलं: गोरक्ष वाघचौरे, वेल्डर.