पहिली टेप

"हलला का रे हात?" डोनटचा खोका घेऊन आलेल्या लोर्नानं लॅबच्या दारातूनच विचारलं.

हलला होता. संगणकाच्या टेपा बदलणाऱ्या कपाटातला यांत्रिक हात अखेर त्याला चालवणाऱ्या आमच्या ड्रायव्हर प्रोग्रॅमचं ऐकत होता. आनंदात आम्ही डोनटचा फडशा पाडला.

माझा सहकारी व्हर्ननं मस्करीत टेपवरची बारकोडपट्टी लोर्नाच्या स्वेटरवर चिकटवली. "घे बाबा, तुझी पहिली टेप," तो यांत्रिक हाताला म्हणाला.

हातानं काचेआडून ती वाचलीसुद्धा. आम्ही हसून बेजार झालो. लोर्ना कॉफी आणायला गेली.

तेवढ्यात स्क्रीनवर आलं: टेप आत घेतली. कपाट रिकामंच होतं, तरी आत काहीतरी गरगरू लागलं.

"अरे, हे रिवाइंड करतंय," व्हर्न पुटपुटला.

गरगर थांबली. लॅबचं दार उघडलं. आमच्या ओठांवर अजून साखर होती. लोर्नाच्या स्वेटरवर पट्टी नव्हती, हातात डोनटचा भरलेला खोका होता.

"हलला का रे हात?"