क्रॉसचा वाटा

पार्टीची जीप कोपऱ्यावरच्या बंगल्यापाशी थांबली, तेव्हा रघुजीरावांच्या तोंडात केसरीबाताचा, म्हणजे केशरी शिऱ्याचा, घास होता. तो गिळायला त्यांना बराच वेळ लागला.

समोर नागोजीराव बसले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या राजाजीनगरहून बायकोला आणि दोन वडीलधाऱ्यांना घेऊन ते मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आले होते. मुलगी, म्हणजे शालन, पसंत होती. राहिली होती ती ‘दोन्हीकडची शोभा’. हुंड्यावर सरकारने नुकतीच बंदी आणल्यामुळे तो शब्द आता कोणी सभ्य माणूस उच्चारत नसे.

“इलेक्शन जोरात दिसतंय जयनगरात,” नागोजीराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तुमच्याकडे येतात की नाही हो देणगी मागायला?”

“येतात की,” रघुजीराव म्हणाले. “येतात, जातात.”

खरं म्हणजे कोणी कधी आलं नव्हतं. मेन रोडवर बंगले होते. तिथे पार्टीची माणसं हार आणि पावतीपुस्तक घेऊन जात. मागच्या वसाहतीत कौलारू खोल्या होत्या. तिथे ती नुसते हात जोडून जात आणि म्हाताऱ्यांच्या पाया पडत. या दोन्हींच्या मधल्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, रघुजीरावांचं घर. तिथे येताना हातात काय घ्यावं, हे बहुधा पार्टीचं अजून ठरलं नसावं.

आज मात्र बंगल्यातून निघालेली मंडळी जीप तिथेच ठेवून पायी क्रॉसमध्ये वळली. रघुजीरावांनी हातातली बशी खाली ठेवली. या लोकांनी पावतीपुस्तक उघडलं, तर नागोजीराव समजणार, घर सधन आहे, आणि शोभा वाढवणार. दारावरून तसेच पुढे गेले, तर समजणार की घरात काही नाही, आणि पत्रिका परत देणार. शालनला यंदा चोविसावं लागलं होतं.

सोयराबाई स्वयंपाकघराच्या दारातून कुजबुजल्या, “अहो, येऊ द्यायचं की कडी घालू?”

तेवढ्यात कल्लाप्पा आतच आला. वॉर्डातला पार्टीचा सेक्रेटरी. खादीचा सदरा, कपाळाला विभूती, मागे चार तगडे कार्यकर्ते. हार नव्हता. हातही जोडलेले नव्हते.

“नमस्कारा अण्णा. स्वल्प काम होतं.”

“बोला ना,” रघुजीराव म्हणाले. मग पाहुण्यांना ऐकू जाईल इतपत आवाज चढवून, “देणगीचं म्हणत असाल तर...”

“छे छे, देणगी नको,” कल्लाप्पा म्हणाला. “देणगी मेन रोडची झाली. मतं मागच्या वसाहतीची झाली. तुमच्या क्रॉसकडून खुर्च्या.”

“खुर्च्या?”

“उद्या मैदानावर सभा आहे. देणगीवाले पुढे बसणार. त्यांना खाली कसं बसवायचं?”

“पण त्यांच्याकडे खुर्च्या नाहीत का?”

“आहेत की. पण चांगल्या आहेत हो. त्या मैदानात नेऊ द्या, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?”

घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. कार्यकर्ते शांतपणे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

नागोजीराव उठले. त्यांनी कोट सारखा केला. झालं, रघुजीरावांच्या मनात आलं, आता कॉफीलासुद्धा थांबणार नाहीत. सोयराबाईंनी पदर तोंडाला लावला.

नागोजीरावांनी खुर्ची उचलली, तिचा एक पाय जरा डुगडुगत होता तो दाबून पाहिला, आणि ती कल्लाप्पाच्या हातात दिली.

“परत कधी आणणार?”

“सभा झाली की लगेच.”

“हां,” नागोजीराव म्हणाले. “राजाजीनगरातही असंच म्हणाले होते. गेल्या इलेक्शनला आमची बाकं नेली. ती सभा अजून चालूच आहे.”

“आणि सतरंजी,” त्यांच्या पत्नी रत्नाबाई एकदम बोलून गेल्या. “माझ्या माहेरची. तीसुद्धा.” मग त्यांनी जीभ चावली, नवऱ्याने घरून निघताना ‘आपल्याकडच्या अडचणी बोलायच्या नाहीत’ असं बजावलं असावं.

रघुजीरावांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी रघुजीरावांकडे पाहिलं. तासभर दोघंही पाठ ताठ करून बसले होते, ते दोघांच्याही आत्ता लक्षात आलं.

खुर्च्या गेल्या. सोयराबाईंनी चटई अंथरली. नागोजीरावांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि मांडी घालून ऐसपैस बसले. शालन कॉफी घेऊन आली तेव्हा तिचे वडील आणि होणारे सासरे गुडघ्याला गुडघा लावून हसत होते, आणि कशाला ते दोघांनाही सांगता येईना.

“मग शोभेचं कसं करायचं?” रघुजीरावांनी धीर करून विचारलं.

“कसली शोभा हो?” नागोजीरावांनी कॉफी लोट्यातून पेल्यात उंचावरून ओतली. “मुलगी द्या, नारळ द्या. फक्त मुहूर्त मतदानानंतरचा धरा. निदान खुर्च्या तरी परत येतील.”

“आणि नाही आल्या तर?”

“सरी, ठीक आहे, मग सगळ्यांना खाली बसवू,” नागोजीराव म्हणाले. “मेन रोडवरच्या कोणाला बोलावू नका, म्हणजे झालं.”