गांधीलच्या नावावर

परत सगळी बटणं एकदम दाबली गेली. पडद्यावरची त्याची तांबड्या कपड्यांतली पोर उगाच जागच्या जागी उडाली, आणि समोरच्या निळ्या कपड्यांतल्या पोरीनं तिला भिंतीपर्यंत बडवत नेलं. जिंकल्यावर निळीनं दोनदा चटकन उठाबशा काढल्या.

"चिडवतेय बघ बापाला," तो म्हणाला.

दारात उभी असलेली बायको हसली आणि डोळे पुसत आत गेली. ती खोड त्यांच्या लेकीची होती. लेक हिवाळ्यात गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन.

मारामारीच्या या गेममध्ये तिचं मोठं नाव होतं. स्पर्धांत तिला सगळे गांधील म्हणायचे, कारण एकदा मागे लागली की सोडायची नाही. तिची मैत्रीण बँकेत रोखपाल होती. बदलीच्या गावी निघण्याआधी ती भेटायला आली आणि तिनंच हे दाखवून दिलं.

"काका, यात छाया म्हणून एक प्रकार असतो. गांधील या नावावर जसं खेळलं गेलं, तसंच छाया खेळते. वाटलं तर बसा कधी तिच्यासमोर."

"मला गाडी शिकवता येते गं. हे कुठलं जमायला?"

"जमेल. आधी तुमच्या नावानं खातं उघडा, मग करा सुरुवात."

खातं उघडायला तो बसलाही होता. पण पडद्यावर 'गांधील मधून बाहेर पडायचं का?' असा प्रश्न आला आणि त्याचा हात थांबला. लेकीच्या घरात बापाचं वेगळं बिऱ्हाड कशाला? तो तिच्याच नावावर खेळायला लागला.

त्याला एकदाच जिंकायचं होतं. दवाखान्यात ती म्हणाली होती, "बाबा, घरी आले की शिकवते तुम्हाला. एकदा मला हरवून दाखवा, मग मानलं." ती घरी आलीच नाही. बापानं मात्र शब्द धरून ठेवला.

दिवसभर तो ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत नवख्यांच्या शेजारी बसायचा आणि एकच पालुपद लावायचा: घाबरून काहीतरी दाबू नका, आधी समोर बघा. संध्याकाळी तोच नवखा व्हायचा. कंट्रोलरवर इतकी बटणं कशाला ठेवली असतील, देव जाणे. लाथ कुठली, बुक्की कुठली, पकड कुठली, लक्षात राहीपर्यंत खेळ संपलेला असायचा. निळी, म्हणजे लेकीची छाया, हवेतून यायची, खालून यायची, आणि तो वर बघेपर्यंत पोटात मारून मोकळी व्हायची.

"तुमच्याकडे गाडी शिकायला येतात ना, त्या शिक्षिकाबाईंसारखं चाललंय," बायको चहा ठेवत म्हणाली. "काही दिसलं की ब्रेक."

"ब्रेक महत्त्वाचाच असतो."

आणि खरंच, त्याला पहिली युक्ती सापडली ती ब्रेकचीच. मागचं बटण दाबून धरलं की मार अडतो. कोपऱ्यात जाऊन मागचं बटण धरून बसायचं आणि जरा उसंत मिळाली की एक लाथ घालायची. शूराचं काम नव्हे, पण अंगाला कमी लागतं. तो रोज बसायचा, रोज हरायचा, आणि जेवताना बायकोला त्या दिवसाचा मार सांगायचा. घरात कित्येक दिवसांनी कुणीतरी बोलायला लागलं होतं.

उन्हाळा लागता लागता खेळ लांबायला लागले. एका संध्याकाळी निळी जिंकली आणि नुसतीच उभी राहिली.

"आज चिडवलं नाही तिनं," बायको म्हणाली. एव्हाना ती शेजारी येऊन बसायला लागली होती.

"बापाची किंमत कळली आता."

पुढे पुढे निळीचं अंगावर धावून येणंही कमी झालं. ती थांबायची, वाट बघायची, मागे सरायची.

"शहाणी झाली हो पोर," बायको म्हणाली. "किती जपून खेळते."

"मला जिंकू देतेय ती. पहिल्यापासून मायाळू."

आणि एक दिवस तो जिंकला. लाथ बसली, निळी पडली, पडद्यावर मोठ्या अक्षरांत निकाल आला. तो लहान पोरासारखा ओरडला आणि बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. हिवाळ्यात तो रडला नव्हता. तेव्हा सगळ्यांना सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मानलं हो तिनं," ती म्हणाली. त्या दिवशी दोघं पोटभर जेवले.

मग तो रोजच जिंकायला लागला.

रविवारी मैत्रीण सुट्टीवर आली तेव्हा त्यानं तिला हात धुवायलाही वेळ दिला नाही. "बस, बस. तुझ्या गांधीलला लोळवतो बघ."

पडद्यावर निळी कोपऱ्यात गेली आणि मागचं बटण धरल्यासारखी उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं एक लाथ घातली. तो थांबला, त्यानंही एक घातली. असं करत करत तो जिंकला आणि त्यानं वळून पाहिलं.

मैत्रिणीनं टाळी वाजवली नाही. "काका, तुम्ही खेळताय कुठल्या नावावर?"

"तिच्याच. पहिल्यापासून."

"तुमचं खातं?"

"नाही उघडलं. तिचं नाव बंद करायला जीव होईना."

मैत्रीण काकूंकडे बघत राहिली, मग पडद्याकडे.

"छाया नावावरूनच शिकते, काका. नवं शिकली की जुनं पुसून टाकते. तुम्ही शिकत नव्हता, तुम्ही तिला शिकवत होता, आणि आता त्यात गांधील कुठेच राहिलेली नाही."