चार आखूड शिट्ट्या
कॅरोलिनाच्या घाटात उतरणारी गाडी ताब्यात असेल तर ड्रायव्हर चार आखूड शिट्ट्या द्यायचा; मगच सांधेवाला एझरा गावाकडचा रूळ जोडायचा. एरवी सांधा, सुटलेली गाडी अडवायला, टेकाडात घुसणाऱ्या आडरुळाला लावलेला. “तुझा व्हर्जिल येतोय गाडी घेऊन,” मदतनीस ड्यूई म्हणाला. “त्याची शिट्टी ऐकली की सूनबाई मक्याचा पाव चुलीत लावते. आमच्यासाठीही आण कधी, म्हाताऱ्या.” “तुला तुझी बायको घालते तेच खा,” म्हणत एझराने सांध्याचा दांडा धरला. वळणापलीकडे चाकं किंचाळली. शिट्टी आली, पण चार आखूड नव्हेत. एकच लांब, शेवटी उतरत जाणारी, व्हर्जिल रोज बायकोसाठी वाजवायचा ती. “ओढ दांडा, पोरगा आहे तुझा,” ड्यूई ओरडला. “खाली फलाट भरलाय,” एझरा म्हणाला आणि त्याने हात मागे घेतले. टेकाड हादरलं. धुरळा बसला, तेव्हा खाली सुनेच्या चुलीचा धूर निघत होता.